सोळा घड्यांचा कागद

३ फेब्रुवारी, सोमवार

कागद उलगडला तर हातभर लांब! सोळा घड्या. अक्षर मुंगीएवढं, सगळं इंग्रजी. दुकानातलं भिंग घरी आणलं, शब्दकोश मांडीवर घेतला आणि तीन तास बसलो. आठवीत शाळा सुटली माझी. पण सोनाराच्या काट्यापासून प्रयोगशाळेच्या काट्यापर्यंत जे जे वजनकाटे दुरुस्त करतो, ते सगळं यंत्रासोबत आलेल्या पुस्तिका वाचून शिकलो. कंपनीचा इंजिनियर जी पानं चाळतो, ती मी वाचतो. एवढाच फरक आहे, पण आहे.

कागद जेलच्या खोक्यातला; जेल म्हणजे अंगाला लावायचं औषध, हिच्यासाठी. अकरा आठवड्यांपूर्वी हिचं मूत्राशय काढलं — कॅन्सर. त्याबरोबर गर्भाशय आणि दोन्ही अंडाशयंही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाळी एकदम गेली की शरीर बावचळतं. म्हणून हार्मोन बाहेरून द्यायचं." बायकांची पाळी जाते ती रेंगाळत, चार-सहा वर्षं घेत. हिची सकाळी नऊ ते दुपारी चार या वेळात गेली. मी बाहेर बाकावर घड्याळ बघत बसलो होतो, म्हणून वेळ नक्की.

बाटलीला पंप आहे. रोज सकाळी अंघोळीनंतर दोन दाब, दोन्ही दंडांवर एकेक. खाडा नको — हाडांसाठीही हवं, असं बाईंनी दोनदा बजावलंय.

महत्त्वाचं वाक्य इथे उतरवून ठेवतो: "लावलेल्या जागेला दुसऱ्या कोणाच्याही, विशेषतः पुरुषाच्या, त्वचेचा स्पर्श होऊ देऊ नये." पुरुषाला काय होतं तेही वर दिलंय. छाती वाढते! हिला वाचून दाखवलं. "बरंच की, मग माझे कपडे तुम्हालाही होतील," म्हणाली. ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसली.

५ फेब्रुवारी

जेल सुरू. दोन्ही हात पसरून खिडकीत बसली, पाणकावळा पंख वाळवतो तशी. मी दारातून पंखा लावला, दारातूनच विचारलं, थंड लागतंय का. "लागतंय. चांगलं लागतंय."

माझी गादी बाहेरच्या खोलीत घातली. झोपेत हात कुठे जाईल याचा भरवसा काय? ती म्हणाली, "तुम्हाला योग्य वाटेल तसं." तिच्या घामाने चादरी भिजतात, तिलाही मोकळी जागा हवी.

११ फेब्रुवारी

घामाचे झटके: आज नऊ. काल अकरा.

२० फेब्रुवारी

आज चार! तक्ता करतोय — वेळ, किती मिनिटं, खोलीचं तापमान. औषध लागू पडतंय. पहिल्या आठवड्यात तर हिला पेला पडल्याचा आवाजही सोसत नव्हता. शर्टाचं एक बटण सापडेना म्हणून अर्धा तास रडली. बटण माझ्या हातात होतं. मी गप्प उभा, कारण आता सापडलं म्हणावं तर आणखी रडेल.

पोटावरची पिशवी ती स्वतःच बदलते, दार लावून. लघवी आता त्या पिशवीत येते. नर्सने दोघांनाही शिकवायला बोलावलं होतं, मी नोंदी घेतल्या, आकृतीसुद्धा काढली. त्या नोंदी ही वाचतही नाही. "मला येतंय," एवढंच.

९ मार्च, रविवार

आज दुकान बंद. नको ते सुचतं.

सव्वीस वर्षं मी डाव्या कुशीवर झोपलो आणि माझा उजवा हात हिच्या दंडावर. कोपराच्या वर चार बोटं. तिथे लहानपणच्या लशीचा वण आहे, साधारण वाटाण्याएवढा, मधे किंचित खोल. माझा अंगठा त्यात बसायचा. बसायचा म्हणजे अगदी बसायचा — मापाने केल्यासारखा. भांडून झोपलो तरी हात तिथेच. एकदा दोन दिवस अबोला होता, तेव्हासुद्धा अंधारात तिने माझा हात उचलून आपल्या दंडावर ठेवला होता आणि म्हणाली होती, "बोलत नाहीये मी अजून."

जेल नेमकं तिथेच लावायचं. दुसरी जागा नव्हती का यांना?

मी दुकानात काम करताना अंगठ्याकडे बघतो हल्ली. वेडेपणा.

२४ मार्च

डॉक्टरीणबाईंकडे तपासणी. रिपोर्ट स्वच्छ! बाईंनी चष्मा काढला, आमच्याकडे आळीपाळीने बघितलं. "आणि दोघांचं कसं चाललंय?"

मी म्हटलं, "घामाचा तक्ता आणलाय." पुढे केला. सहा पानं, रकाने पाडलेले.

बाईंनी सगळी पानं उलटली. "असा तक्ता आमचे शिकाऊ डॉक्टरही करत नाहीत. पण मी ते नाही विचारलं."

ही भिंतीवरच्या मूत्रपिंडाच्या चित्राकडे बघत होती. मीही तिकडेच बघायला लागलो. बाई म्हणाल्या, आत कोरडेपणा येतो, त्यावर वेगळं मलम आहे, घाई नको, पण बोलत राहा एकमेकांशी. आम्ही दोघांनी मान हलवली. जिना उतरताना ही पुढे, मी दोन पायऱ्या मागे. रिक्षात मधे फाईल ठेवली.

६ एप्रिल

मेहुणी आली होती, हिची धाकटी बहीण. जीभ म्हणजे कात्री. मी सकाळी दारातून हिला पाण्याचा पेला लांबून सरकवला ते तिने पाहिलं.

"भावोजी, दाराला ताजा रंग दिलाय का? पाटी लावा ना — रंग ओला आहे, हात लावू नये!"

मी कागद दाखवायला उठलो. ही म्हणाली, "राहू दे गं. त्यांनी वाचलंय ते."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं होतं.

१६ एप्रिल

झटके पुन्हा वाढले. सात, आठ, काल दहा. आज सकाळी हिने भाजी चिरता चिरता सुरी आपटली आणि फ्रीजचं दार उघडून त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसली. औषध तेच, वेळ तीच. मग असं का? पंप बिघडला असणार. दाब पूर्ण बसत नसेल. कारखान्यात तपासतात कुठे कोण!

१८ एप्रिल

ही बाजारात गेली तशी बाटली खिशात घालून दुकानात नेली. प्रयोगशाळेचा दुरुस्तीला आलेला काटा आहे, ग्रॅमचा हजारावा भाग दाखवतो. हिशेब सोपा: दोन दाब म्हणजे अडीच ग्रॅम. तेवढं रोज कमी व्हायला हवं. आजचं वजन ७१.३८४. ती यायच्या आत बाटली जागेवर.

१९ एप्रिल

७१.३८४.

काट्याचा मला अभिमान वाटला आधी. एका हजाराव्या भागाचाही फरक नाही! मग डोक्यात प्रकाश पडला.

२३ एप्रिल

पाचव्या दिवशीही ७१.३८४. ही जेल लावतच नाही. किती दिवसांपासून? झटके वाढले त्या तारखांवरून धरलं तर बारा-तेरा दिवस तरी.

विचारायचं कसं? विचारलं तर चोरून वजन करतो हे सांगावं लागेल. न विचारावं तर हाडं. बाईंनी दोनदा बजावलंय.

आणखी एक. हल्ली ती अंघोळीनंतर खिडकीत बसत नाही. सरळ स्वयंपाकघरात येते. परवा मी दूध तापवत होतो तर माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. अगदी जवळ. साबणाचा वास आला. तीन महिन्यांत एवढी जवळ आली नव्हती. आणि मी — सवयीनेच — सरकलो. तिने गॅस बंद केला आणि म्हणाली, "उतू जातंय."

जात नव्हतं.

२७ एप्रिल, रविवार

विचारलं. सरळ विचारलं, कारण मला आडून विचारता येत नाही.

"जेल का सोडलंस?"

"कोणी सांगितलं सोडलं म्हणून?"

"बाटलीचं वजन तेच आहे."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग हसली. मग ते हसू कुठेतरी अडकलं. "वजन केलंत? बाटलीचं? माझ्या पाठीमागे?"

"ग्रॅमच्या हजाराव्या भागापर्यंत," असं मी म्हणालो. का म्हणालो देव जाणे. तोंडातून गेलं.

"धन्य आहे! बाटली हातात घेऊन दुकानापर्यंत गेलात. मी हातभर अंतरावर उभी असते, माझ्यापर्यंत येववत नाही?"

मी कागद म्हणालो. पुरुषाच्या त्वचेला, म्हणालो.

"म्हणून तर सोडलं! म्हटलं, जेल नसेल तर हा माणूस दारातून आत येईल. आला नाहीत. शेजारी उभी राहिले तर सरकलात. जेल नव्हतं अंगाला, तरी सरकलात! तेव्हा कळलं, कारण जेल नव्हतंच. या पिशवीचा वास येत असेल तुम्हाला. स्पष्ट सांगा. मी मोडणार नाही."

"मला काय माहीत तू जेल सोडलं होतंस ते?" हे उत्तर मला बरोबर वाटलं. अगदी मुद्द्याचं. आणि ते ऐकून तिचा चेहरा जसा झाला, तसा ऑपरेशनला आत नेतानाही झाला नव्हता. कारण तोवर मला कळलं होतं. पाच दिवस वजन केल्यावर कळलंच होतं, आणि तरी मी गादी आत आणली नव्हती.

वास येत नाही. एकदाही आला नाही. हे मी बोललो, पण ती न्हाणीघरात गेल्यावर, बंद दाराशी.

बाहेर आली. "उद्यापासून लावते पुन्हा. हाडं तरी धड राहू देत."

२८ एप्रिल

लावलं. खिडकीत बसली, पाठ करून.

२ मे, शुक्रवार

औषधाच्या दुकानदाराचा काटा बिघडलाय म्हणून गेलो होतो. तरुण आहे, पण सरळ आहे. काम झाल्यावर धीर करून विचारलं — जेलऐवजी काही आहे का, ज्याने घरच्या माणसाला स्पर्शाची अडचण होणार नाही?

"अडचण कसली काका? एक तास थांबायचं. वाळलं, अंगात जिरलं की झालं. कपडे घाला, काय हवं ते करा."

मी म्हटलं, कागदावर तसं नाही. मी पूर्ण वाचलाय.

त्याने नवा खोका फोडून कागद काउंटरवर पसरला. माझं वाक्य मीच बोट ठेवून दाखवलं. त्याने बोट धरून पुढे नेलं — रकाना तिथे संपतो. वाक्य संपत नाही. शेवटी पूर्णविराम नाही, स्वल्पविराम आहे. कागद उलटला. मागच्या बाजूला, सगळ्यात वर: "लावल्यानंतर किमान एक तास."

माझ्या वहीत पूर्णविराम आहे. तो त्यांनी दिलेला नाही. मी दिला.

पैसे न घेताच बाहेर पडलो, त्याने हाक मारली तरी थांबलो नाही. चालत राहिलो. काट्याच्या पुस्तिकेत मी कधी स्वल्पविरामावर थांबलोय? एकदाही नाही. तिथे शंका आली तर पान उलटतो, दोनदा उलटतो. मग इथेच का थांबलो?

लिहितोच आता. हॉस्पिटलात नर्सने पहिल्यांदा पांघरूण बाजूला केलं, तेव्हा मी नोंदी घेत होतो. आकृती काढत होतो. हिच्या पोटावर ती लाल, ओली, जिवंत जागा — मी ती वहीत काढली आणि वहीकडेच बघत राहिलो. हिच्याकडे बघितलं नाही. भीती वाटली. किळस नाही, शपथेवर भीती. हात लावला आणि दुखलं तर. हात लावला आणि तिने झटकला तर. चुकीच्या जागी लागला तर. सव्वीस वर्षं जे शरीर न बघता ओळखत होतो, त्यात माझा हात कुठे बसतो ते मला कळेना. आणि मग तो कागद आला. त्याने सांगितलं, हात लावू नये. किती सुटल्यासारखं वाटलं होतं!

सुटलो आणि मग रोज अंगठ्याकडे बघत बसलो.

३ मे

सांगितलं नाही. दोनदा तोंड उघडलं. एकदा तर तिनेच विचारलं, "काय?" मी म्हटलं, "मीठ."

४ मे, रविवार

सकाळी सांगून टाकलं. रकाना, स्वल्पविराम, मागचं पान, हॉस्पिटलातली भीती, सगळं, उभ्याउभ्याच.

ही चहा गाळत होती. वर न बघता म्हणाली, "एका तासाचं मला माहीत होतं. नर्सने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तेव्हा तुम्ही लांबच हवे होतात मला."

'तेव्हा' म्हणाली. शब्द नीट ऐकला मी.