बोट फार हलते

श्री गजानन महाराज प्रसन्न.

८ नोव्हेंबर, शनिवार. पहाटे.
आज संकष्टी. आज बंदर नाही, दिवसभर नुसतं पाणी. जीवनने आम्हा दोघांना एवढ्या लांबच्या क्रूझवर कशाला आणलं, ते मला कळत नाही असं त्याला वाटतं. धामणगावच्या घराला कुलूप लावून आम्हाला पुण्याच्या फ्लॅटात न्यायचं, त्याच्याआधीची ही मिठाई. सूनबाई मंजुश्रीही सामील.
निश्चय : आज जीवनला स्पष्ट सांगायचं की आम्ही येत नाही. इथून तो ऑफिसला पळू शकत नाही. उपासाच्या दिवशी मी चिडत नाही हे घरादाराला माहीत आहे, म्हणून गोड बोलूनच सांगीन.
बोट फार हलते. यांचा अर्धा चहा बशीत, थोडा पांघरुणावर. माझ्या कपातून थेंब सांडला नाही. नामस्मरणाचा फायदा.

सकाळी.
दिवा लावू देत नाहीत. मंजुश्रीने बॅटरीचा दिवा दिला. बाप्पाला म्हटलं, आजच्या दिवस चालवून घे.
नाश्त्याला एवढे पदार्थ मांडलेले, सगळ्याचे पैसे तिकिटातच घेतलेले, आणि मी राजगिऱ्याचा लाडू खाते आहे. माझ्या उपासाचा पुरता फायदा बोटवाल्यांना. उद्या भरून काढीन.
यांच्या हातात चमचा ताटलीवर टकटक वाजत होता. शेजारच्या टेबलावरचे बघायला लागले. मी म्हटलं, हळू वाजवा, लोक पाहून राह्यले. तर म्हणाले, "अवो, बोट हालते त्याले मी काय करू?" बरोबर आहे. मग मीच भरवलं. नवीन लग्न झाल्यासारखं दिसलं असेल. दिसू दे.
मंजुश्रीने यांच्यासाठी सगळे बिनबटनांचे टी-शर्ट आणले आहेत. घरी चांगले शर्ट पेटीत पडले असताना! चपलाही चिकटपट्टीच्या. बोलणार होते, पण उपास.

दुपारी.
हे भिंतीला धरून धरून चालतात. एवढंएवढं पाऊल टाकतात. या वयात पडले म्हणजे? शेवटी मीच खालच्या काउंटरवर तक्रार करायला गेले. तिथली मुलगी हिंदीत म्हणाली, मांजी, आज समुंदर एकदम शांत है. मी म्हटलं, मेरे आदमी से चला नहीं जाता और तुम शांत बोलती? तिने काठोकाठ भरलेला ग्लास काउंटरवर ठेवला. म्हणाली, देखिए. पाणी हललं नाही.
त्यांचं काउंटर स्क्रूने पक्कं बसवलेलं आहे. ग्लास कसा हलेल? आमच्या खोलीतल्या खुर्च्या सुट्या आहेत. हे तिला सांगितलं, तर नुसती हसली. तक्रार लिहून घे म्हटलं. घेतली.
डेकवर येऊन पाहिलं. पाणी ताटासारखं सपाट. म्हणजे खालून हलत असणार.

संध्याकाळी.
जीवनला सांगितलं. गोड आवाजात. म्हटलं, बाबांना फ्लॅटात करमणार नाही, त्यांचा जीव शेतात, पारावर. बोट सोडली की ते टुणटुणीत होतील. तुझ्याकडे दिवाळीला येत जाऊ.
जीवनने मंजुश्रीकडे पाहिलं. मग म्हणाला, "आई, तू उपास सोड आधी. मग बोलू."
नाही म्हटलं नाही, म्हणजे पटलं. इतकं सोपं जाईल वाटलं नव्हतं. यांना येऊन सांगितलं, जिंकले मी! हे खिडकीतून बाहेर बघत होते. म्हणाले, "लई चांगलं झालं." तोंड फिरवलं नाही. आनंद दाखवायची सवय नाही त्यांना.

रात्री.
कॅलेंडरात चंद्रोदय आपल्याकडचा. बोटीचा कोण छापतो? डेकवर उभे राहिलो. वारा नाही. मग निघाला, तांबडा, मोठा.
लग्न झाल्यापासून संकष्टीला मी अर्घ्य देते आणि हे खाली ताम्हन धरतात. आजही धरलं. पाणी सोडलं तर ताम्हनात चंद्र दिसला, आणि फुटला. जुळला, फुटला. मी थांबले. वाटलं, बोट थांबेल. मागे समुद्रावर दुसरा चंद्र पडला होता, तो लांब पट्टा जागचा हलत नव्हता.
ताम्हनाच्या खालून माझा हात लावला. मग चंद्र थांबला.
म्हटलं, "बोट लई हालून राह्यली ना वो आज."
हे म्हणाले, "हाव."
मग म्हणाले, "जीवनची माय, तुले सांगायचं होतं. तुया उपास होऊ दे म्हटलं."

९ नोव्हेंबर, रविवार.
कंपवात म्हणतात. पोळ्यानंतर पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. जीवनला माहीत, मंजुश्रीला माहीत. औषध बरीच वर्षं चालतं, पण दाखवायला वरचेवर जावं लागतं. मला सांगायला यांनी बंदर नसलेला दिवस निवडला, संकष्टीचा. चिडता येऊ नये आणि माहेरी रोहिणखेडला निघून जाता येऊ नये म्हणून. इतक्या वर्षांत माणूस शिकला.
आज उपास नाही. चिडायची मोकळीक आहे. सकाळपासून वाट पाहते आहे, राग येतच नाही. नाश्ताही भरून काढता आला नाही.
काउंटरवर जाऊन तक्रार परत घेतली. मुलीने विचारलं, अब ठीक है? म्हटलं, हाँ, बोट ठीक है.
मंजुश्रीला विचारायचं, ते टी-शर्ट कुठे मिळतात. आणखी दोन लागतील.