एका नावाच्या दोघी

२ डिसेंबर, मंगळ.

मुरबाडच्या शाखेत दिवस गेला. ट्रस्टच्या दोन्ही दवाखान्यांत, शहापूरला आणि इथं, रुग्णांच्या सुरक्षेबद्दल स्टाफला काय वाटतं ते विचारायचं काम मॅडमनी माझ्या गळ्यात घातलंय. म्हणाल्या, "निलेश, तू कुणाच्या गटात नाहीस." खरं म्हणजे पुरुष नर्स म्हणून मला कुठलाच गट घेत नाही, एवढंच.

प्रश्नावली वाटली. नाव लिहायचं नाही, फक्त खूण करायची. तरी लिफाफे देताना सगळ्यांच्या नजरा अशा, की मी परीक्षेला बसवलंय त्यांना. 'चूक सांगितली तर आपल्यावरच शेकेल असं वाटतं का?' या प्रश्नाला एकजात उत्तर: अजिबात नाही.

अलका सिस्टर इथल्या इन्चार्ज. मी नवीन होतो तेव्हा म्हाताऱ्या माणसाची शीर कशी शोधायची ते त्यांनीच शिकवलं. माझ्यासमोर लिफाफा बंद करत म्हणाल्या, "तुला काय पायजे ते सांग रे, मी तेच लिवून देते."

हसलो. हसण्यासारखं नव्हतं.

५ डिसें., शुक्र.

शहापूरचे लिफाफे उघडले. इथंही तेच. वर्षभरात चूक पाहिली का? नाही. चूक सांगितली का? प्रश्नच नाही. औषध बदललं जाता जाता राहिलं, असं कधी झालं? कधीच नाही.

मॅडम स्वतः सर्जन, दोन्ही शाखांच्या प्रमुख. कागद बघून म्हणाल्या, "एवढे चांगले आहोत आपण? मग मला घरी गेल्यावर धडधड कशाला होते?"

खर्डीला घरी आलो तर बायकोनं, माधुरीनं, वालाचं बिरडं केलेलं. दोनदा घेतलं. तिला सांगितलं, सगळे खोटं बोलतायत आणि तेही नम्रपणे. ती शाळेत शिकवते. म्हणाली, "वर्गात विचारलं, कुणाला समजलं नाही, तर कोण हात वर करतं?"

१० डिसें., बुध.

आल्या आल्या, उभ्यानंच लिहितोय. अक्षर वाईट येणार.

आज मुरबाडला ऑपरेशनचा वार. भात झोडून झालं की बायका कुटुंबनियोजनासाठी येतात, या दिवसांत गर्दी असते. ऑपरेशन थिएटरची, म्हणजे ओटीची सिस्टर रजेवर म्हणून मला बोलावलं. सकाळपासून एकामागून एक. बाहेरून अलका सिस्टर (अ.सि.) नाव पुकारत होत्या, मी आत घेत होतो.

"सुरेखा उघडे." एक बारीकशी मुलगी आत आली. गाऊन, अनवाणी, केस बांधलेले. टेबलावर केसपेपर होता: सुरेखा उघडे, तीन मुलं, कुटुंबनियोजन, खाली अंगठा. सगळं बरोबर.

भुलीच्या डॉक्टर, डॉ. फरीदा, कल्याणहून येतात. पाठीत इंजेक्शन द्यायचं म्हणून मुलीला वाकवून बसवलं. मी पुढून खांदे धरले. डॉ. फरीदांनी गाऊन बाजूला केला आणि थांबल्या.

"ही गाठ कसली? आणि हिच्यावर खूण कुणी केलीय?"

मी वाकून पाहिलं. उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली लिंबाएवढी गाठ, भोवती शाईचं वर्तुळ.

विचारलं, "ताई, कसलं ऑपरेशन आहे तुझं?"

"पाठीच्या गाठीचा."

"मुलं किती?"

"एक व्हता. गेला."

डॉ. फरीदांनी सुई ट्रेमध्ये ठेवली. तो आवाज... मॅडम हात धुऊन आत येत होत्या, तिथंच उभ्या राहिल्या. मुलगी आमच्याकडे आळीपाळीनं बघत होती. तिला वाटलं तिचंच काही चुकलं. म्हणाली, "मी बरोबर बसलू नाय का?"

बाहेर वॉर्डात दुसरी सुरेखा उघडे आपल्या धाकट्याला बहिणीकडे देऊन बसलेली. ती धसईच्या पुढच्या वाडीची, ही गाठवाली त्याच बाजूच्या पाड्यावरची. अ.सि.नी नाव पुकारलं तेव्हा गाठवाली जवळ होती, तीच उठली. त्यांनी विचारलंही होतं, "ऑपरेशनला आलीस ना?" ती हो म्हणाली. खोटं कुठं होतं? आपल्याकडे बायका नसबंदीला नुसतं 'ऑपरेशन'च म्हणतात. हिचंही ऑपरेशनच होतं.

मॅडमनी पुढच्या सगळ्या केसेस थांबवल्या. एकेकीशी स्वतः बोलल्या, मग परत सुरू. दुपारी या सुरेखाची गाठ निघाली, साधी चरबीची. छान निघाली.

अ.सि. चादरींच्या खोलीत स्टुलावर बसलेल्या. चेहरा राखेसारखा. म्हणाल्या, "निलेश, कोनी नाव इचारला तर सांगू नको रे, मी पुकारला म्हणून. काय झाला नाय ना? नाय झाला ना काय?"

नाही झालं. देवा, नाही झालं.

११ डिसें.

एकवीस-बावीसची पोर. पहिलं मूल गेलं. पोटावर एक छोटासा छेद, आणि मग वर्षानुवर्षं वाट बघत बसली असती. दिवस का राहत नाहीत म्हणून देवऋषी केले असते. कुणाला कळलंही नसतं. आम्हालाही नाही.

हे मनात येतं, आणि लगेच: पण झालं नाही. दिवसभर असा झोका चालू.

मॅडमना घटना माहीत आहे, डोळ्यांदेखत झाली. पण नाव कुणी पुकारलं, काय विचारलं, ते माहीत नाही. त्यांनी मला विचारलं नाही. मीही तोंड उघडलं नाही. आणि लोकांनी खरं लिहावं म्हणून लिफाफे वाटत फिरणारा मीच.

सुरेखाला आज घरी सोडलं. जाताना सासूनं आवळे दिले. "पोरीला बरा केलास दादा." आवळे डब्यात तसेच आहेत.

१३ डिसें., शनि.

सकाळी अ.सि.चा फोन. "तुझी गाडी हाय ना? मला शहापूरला ने. मॅडमला भेटायचाय."

म्हटलं, सिस्टर, फोनवर बोला ना.

"फोनवर नाय रे जमणार. फोनवर मी खोटा बोलेन."

मागे बसून आल्या, पर्स पोटाशी धरून. सगळ्या रस्त्यात एकच वाक्य, कुठल्याशा वळणावर: "जरा हळू घे." मी हळूच चालवत होतो.

मॅडमसमोर उभ्या राहूनच बोलल्या. नाव मी पुकारलं. केसपेपरशी जुळवलं नाही. घाई होती, पण घाई रोजच असते. दोघी एका नावाच्या आहेत हे सकाळी वॉर्डात ऐकलं होतं, मग विसरले. एका दमात. मग म्हणाल्या, "आता काय करायचाय ते करा. नोकरीची दोन वर्षं राहिलीत माझी."

मला वाटलं आता मॅडम ओरडणार. ओरडतात त्या, चांगल्याच. पण त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"बसा सिस्टर. आधी मला सांगा, तुम्ही विचारलंत आणि ती हो म्हणाली. तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं?"

अ.सि. खुर्चीच्या टोकावर बसल्या. मॅडमच म्हणाल्या, "मीही आत घेतली असती. म्हणून तर भीती वाटते. आणि वर्तुळ मी सकाळी स्वतः काढलं होतं त्या गाठीवर. तरी ही यादीत त्याच नावाच्या दुसरीला खेटून आहे हे माझ्याही डोक्यात आलं नाही."

तिथं अ.सि. रडल्या. मोठ्यानं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. माझेही डोळे.

परत जाताना गाडीवर त्या बोलत होत्या. नातवाबद्दल, जत्रेत घोंगडी घ्यायची म्हणून, कायकाय. मला अर्धं ऐकू येत नव्हतं. बरं वाटत होतं.

१५ डिसें., सोम.

एवढ्यानं संपत नाही ते. ट्रस्टी मंडळींपर्यंत गेलंय. मॅडमनीच कळवलं. एक ट्रस्टी फोनवर म्हणे, "मेमो द्या बाईंना, फाइल बंद करा." मॅडम म्हणाल्या, द्यायचाच तर पहिला मला द्या, सर्जन मी आहे. बैठक लावलीय नवीन वर्षात.

दुसरं: सुरेखाला सांगायचं का? दोन्ही शाखांत दोन पक्ष पडले. झालं नाही ते सांगून घाबरवायचं कशाला, हा मोठा पक्ष. मीही आधी त्यातच होतो. माधुरी म्हणाली, "तिचं पोट, आणि तिला सोडून सगळ्यांना माहीत?"

पक्ष बदलला.

१७ डिसें., बुध.

पाड्यावर जाऊन आलो. मॅडम, अ.सि., मी. धसईच्या पुढे मॅडमची गाडी सोडून चालत. खळ्यावर पेंढ्याची उडवी, कोंबड्या. सुरेखा अंगणात, नवरा नुकताच कामावरून आलेला. सासूनं गोधडी टाकली बसायला.

मॅडमनी साध्या शब्दांत सांगितलं. चुकून तुला दुसऱ्या बाईच्या ऑपरेशनला बसवलं होतं. सुरू करायच्या आधी कळलं. काही केलेलं नाही. चूक आमची.

नवऱ्याला समजायला वेळ लागला. "म्हंजी... पोर झालाच नसता?"

"नसतं झालं," मॅडम म्हणाल्या.

"पन तां केला नाय?"

"नाही. शपथेवर सांगते, काही केलं नाही."

सासू उभीच राहिली. "आमी रानातली मानसा म्हणून असा करता? शेठाची सून असती तं नाव नसता इचारला नीट?"

अ.सि. म्हणाल्या, "नाव मी पुकारला, आजी. तुमच्या सुनेला मीच उठवली. रागवायचा तं माझ्यावर रागवा."

म्हातारीनं त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. सुरेखा तोवर पदराचा काठ बोटाला गुंडाळत होती. मग म्हणाली, "तुमी नाव सांगता न मंग मी हां बोलता. मला इचारा ना. माझा नाव मला येतो. कशाला आलू तां पन येतो."

एवढंच. आम्ही तिघं शिकलेली माणसं बसलो होतो गोधडीवर, आणि हे आम्हाला तिनं सांगावं लागलं.

निघताना सासू उंबऱ्यापर्यंतही आली नाही. नवरा मात्र गाडीपर्यंत सोडायला आला. वाटेत हळूच: "डॉक्टर, होल ना पन? पुढं?"

"होईल," मॅडम म्हणाल्या. "का नाही होणार?"

त्यानं मान डोलावली आणि एकदम हसला. तो हसला आणि माझ्या छातीवरचं काहीतरी उतरलं.

१८ डिसें.

आजपासून नवी रीत: नाव आपण पुकारून हो म्हणून घ्यायचं नाही. बाईनं स्वतः सांगायचं, नाव, गाव आणि कशासाठी आली ते. वॉर्डात एकदा, ओटीत एकदा. पहिल्याच आजीला विचारलं, नाव काय? म्हणाली, "कालच तं सांगितला! तू बहिरा हायेस का रे?" सगळा वॉर्ड हसला.

२३ डिसें., मंगळ.

सुरेखाचे टाके काढायचा दिवस काल होता. आली नाही. अ.सि. दर तासाला दारात. मला म्हणाल्या, "सांगितला तां चुकला का रे?"

आज आली. उशिरा, एसटी चुकली म्हणून. बरोबर सासू. अ.सि.नी टाके काढले, सासू शेजारी उभी राहून त्यांच्या हाताकडे बघत होती, पापणी न लवता. जखम सुरेख भरलीय. शेवटचा टाका निघाल्यावर म्हातारी म्हणाली, "हात हलका हाय तुझा."

अ.सि. नंतर चादरींच्या खोलीत गेल्या. मी पाठोपाठ गेलो नाही.

२९ डिसें., सोम.

दुसऱ्यांदा लिफाफे वाटले होते, ते उघडले. धमाल आहे. शहापूरहून: प्राणवायूची नळकांडी भरली की रिकामी ते आम्ही अंदाजानं सांगतो. मुरबाडहून: डॉक्टर फोनवर औषध सांगतात, नीट ऐकू आलं नाही तरी पुन्हा विचारायची हिंमत होत नाही. आणखी एक: पुरुष ब्रदर शिट्टी वाजवतो, त्रास होतो. (मी?) 'आपल्यावर शेकेल' याला बऱ्याच जणींनी हो लिहिलंय.

कागदावर बघितलं तर आम्ही महिन्याभरात भयंकर बिघडलो. मॅडम एकेक वाचत होत्या आणि चेहरा उजळत होता. "आता खरं दुखणं कळलं," म्हणाल्या. "आता काहीतरी करता येईल." फोनवर ऐकलेलं औषध लगेच परत म्हणून दाखवायचं, असं तिथंच ठरलं. पहिला फोन त्यांनी स्वतःच लावला, आणि पलीकडच्या सिस्टरनं लाजत लाजत औषधाचं नाव परत म्हणून दाखवलं.

शिट्टी बंद करतोय.

२ जाने., शुक्र.

ट्रस्टींची बैठक आज, शहापूरला. माझी मुरबाडला ड्युटी, अ.सि.च्या जागी. त्या सकाळच्या एसटीनं गेल्या, इस्त्रीची पांढरी साडी, केसात अबोली. म्हटलं, सिस्टर, लग्नाला निघाल्यासारख्या दिसता. "मेमो घ्यायचा तं नीट दिसून घ्यावा," म्हणाल्या. पण घाबरलेल्या नव्हत्या. महिन्याआधीच्या त्या नव्हेत.

वॉर्डातल्या सगळ्यांनी मिळून एक कागद लिहून मॅडमकडे दिलाय, की आमच्यापैकी कुणाच्याही हातून हे झालं असतं. यावेळी खाली नावं आहेत. सगळ्यांची.

दुपारी जेवण तसंच ठेवलं. फोन केला, उचलला नाही. परत केला. मग त्यांचाच आला, मागे पंख्याचा आवाज, कुणीतरी खाकरतंय, आणि त्या कुजबुजत, तोंडावर हात धरल्यासारख्या: "आत बसवलाय रे. मॅडम बोलतेय अजून. तो मेमोवाला गप हाय. मला चहा दिला. कपबशीत. चहा देतात म्हंजी मेमो नाय देनार ना रे..."

आणि कुणीतरी त्यांना हाक मारली, आणि फोन बंद.