शनिवार, रविवार आणि माझं नीतिमत्त्व

२९ डिसेंबर २०११, गुरुवार
सरकारने उद्याचा शुक्रवार रद्द केला आहे. आज झोपायचं ते थेट शनिवारी उठायचं. न्यूझीलंडशी वार जुळावेत, व्यापार वाढावा, म्हणून अख्खा सामोआ तारखेच्या रेषेपलीकडे उडी मारणार. व्यापाराचं ठीक आहे. आमच्या शब्बाथाचं काय? आम्ही सातव्या दिवसाची माणसं. सहा दिवस काम, सातवा देवाचा. मधला एक दिवसच गिळला तर सातवा कुठला?

आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, मोजत राहा. मोजलं तर रविवार येतो. माझा मेहुणा एनेलिको म्हणाला, शनिवार म्हणजे शनिवार, आज्ञा काय सरकारला विचारून दिली होती? किराणा दुकान चालवणाऱ्याने धर्म शिकवू नये.

माझी भूमिका स्पष्ट आहे. माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो, नियमशास्त्र पाळून नाही. तरी दिवस बरोबर पाहिजे.

३० डिसेंबर
झाला नाही. नोंद करण्यासारखं काही नाही.

१ जानेवारी २०१२, रविवार
मंडळी फुटली. निम्मे काल एनेलिकोच्या दुकानामागच्या छपरात बसले, निम्मे आज आमच्याकडे. जन्मभर ज्यांना रविवारवाले म्हणून नाकं मुरडली, त्यांच्याच घंटेबरोबर आम्हीही पांढरे कपडे घालून निघालो. समोरच्या चर्चचे लोक म्हणाले, आलात का शेवटी?

चांगली बातमी: मंडळीचे जुने वडील, म्हणजे कारभारी ज्येष्ठ, शनिवारवाल्यांत गेले. म्हणजे उपासनेत पुढे बसणाऱ्या वडिलांची जागा रिकामी. माझ्याइतका लायक कोण आहे? निवड फेब्रुवारीत. संकल्प: तोवर निष्कलंक राहणे.

६ जानेवारी, शुक्रवार
सकाळी. मनात किंचित शंका. एनेलिको चुकलाय हे नक्की. पण समजा, नक्की नसेल तर?

दुपारी. तोडगा सापडला. दोन्ही दिवस पाळायचे. ही भीती नव्हे. विश्वास पक्का आहेच, ही फक्त खबरदारी.

अडचण एकच. शब्बाथ आदल्या सूर्यास्तालाच लागतो आणि त्यात चूल पेटवायची नाही, म्हणजे दोन्ही दिवसांचं जेवण आजच सूर्यास्ताआधी. माकेरिताला सांगितलं. बायको म्हणून तिने आनंदाने ऐकायला हवं होतं. ती म्हणाली, अहो, नारळाच्या दुधातली अळूची पानं रविवारपर्यंत आंबतील, मग देवाला नावं ठेवू नका. मी म्हटलं, तुझा विश्वास कमी पडतो.

८ जानेवारी, रविवार
आंबली. खाल्ली. प्रवचनातून तीनदा बाहेर जावं लागलं.

२१ जानेवारी, शनिवार
आजही शनिवारवाल्यांकडे गेलो. ते किती चुकताहेत हे पाहायला. फुआतिनो आजी शेजारी जागा धरून ठेवते. गाणी त्यांची बरी असतात. आमच्यात कोणाला सांगितलेलं नाही. दुर्बळांना उगाच अडखळण नको.

अळूच्या शेतात तण कमरेपर्यंत. शनिवार-रविवार विश्रांती, शुक्रवारी तयारी, सोमवारी थकवा. मंगळवारी बघू.

रोजनिशी लिहिणं कामात धरत नाही. मी आनंदाने लिहितो.

८ फेब्रुवारी, बुधवार
दोन्ही गटांची जाहीर चर्चा. विषय: नीतिमत्त्व विश्वासाने की आज्ञापालनाने? आमच्या बाजूने मी. हे जिंकलं की वडिलांची जागा माझीच.

सुरुवात उत्तम. बायबलातली पौलाची पत्रं तोंडपाठ होती. एनेलिकोने याकोबाचं पत्र काढलं, म्हणाला, नुसता विश्वास घेऊन काय करायचंय, हातून काही घडायला नको? मी त्याला परूशी म्हटलं, म्हणजे नियमांचा देखावा करणारा ढोंगी. टाळ्या मिळाल्या.

मग फुआतिनो आजी उठली. म्हणाली, अरे नाफाताली, तू तिकडे कसा उभा? दर शनिवारी माझ्या शेजारी बसून सगळ्यात मोठ्याने गातोस. हा आपला आहे रे पोरांनो, चुकून तिकडे गेलाय.

पाळकसाहेब चष्मा पुसू लागले. एनेलिको म्हणाला, दाजी, नियमाने माणूस तरत नाही म्हणता आणि शब्बाथ दोन-दोन पाळता, मग परूशी कोण? मी म्हटलं, प्रश्न संदर्भ सोडून आहे. तेवढ्यात मागून माकेरिता म्हणाली, त्याच आज्ञेत सहा दिवस काम कर असंही आहे, ते कोणत्या गटात पाळतात तेवढं सांगा, ह्यांना तिकडे घालते.

दोन्ही गट हसले. फुटल्यापासून पहिल्यांदाच एकत्र. त्याचं श्रेय मला कोणी दिलं नाही.

१२ फेब्रुवारी, रविवार
निवड पुढच्या रविवारी. अजून वेळ गेलेली नाही. लोकांना वाटतं, मी भीतीपोटी दिवस पाळतो. कृपेखालचा माणूस किती मोकळा असतो ते दाखवून द्यायला हवं.

म्हणून उपासनेनंतर भर उन्हात रस्त्यालगतच्या शेतातलं तण काढलं. कोयता मुद्दाम वाजवत. माकेरिता धावत आली. म्हणाली, वर्षभर सुचलं नाही आणि आज, रविवारी? मी म्हटलं, मी मोकळा आहे. ती म्हणाली, देवाकडून असाल, गावाकडून नाही.

फार हलकं वाटलं. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिलं.

१३ फेब्रुवारी, सोमवार
गावच्या कुळप्रमुखांची बैठक. गावात रविवारी कामाला बंदी, ती मोडली म्हणून दंड: मासळीच्या डब्यांची दहा खोकी, आज सूर्यास्ताच्या आत. नाहीतर गाव सोडायचं. मी पौलाचा आधार दिला. प्रमुख म्हणाले, पौल आपल्या गावचा नाही.

घरात एकही खोकं नाही. माझ्या आईवडिलांच्या कबरी अंगणात आहेत. माकेरिता टोमणासुद्धा मारेना, चटईवर नुसती बसून राहिली. मला भीती वाटली. ही मात्र भीतीच होती.

संध्याकाळी. एनेलिकोचा पिकअप आला. त्याने दुकानातली दहा खोकी एकट्याने उतरवली, प्रमुखांपुढे रचली आणि म्हणाला, नाफातालीचा दंड. माझ्याकडे पाहिलंही नाही.

१९ फेब्रुवारी, रविवार
निवड झाली. यंदा वडील कोणीच नको, असं एकमताने ठरलं.

तिथून एनेलिकोकडे गेलो. म्हटलं, खोकी हळूहळू परत करतो. तो म्हणाला, कशाला? मी म्हटलं, नियम आहे. तो म्हणाला, दाजी, माझ्या बहिणीचं घर आहे ते, विषय संपला, जेवायला बसा. मी म्हटलं, निदान तुझं अळू लावून देतो. नको म्हणाला. दुकान झाडतो. तेही नको. ताट वाढून पुढे केलं.

तारण फुकट मिळतं, फक्त हात पुढे करा, असं दोन महिने सगळ्यांना ओरडून सांगत होतो. आज माझाच हात पुढे होईना. खूप लाज वाटली. मान खाली घालून कसाबसा जेवलो.

उद्या तो उठायच्या आत त्याचं अंगण झाडून येणार आहे. म्हणजे बरोबरी होईल.