तिसरा प्रश्न

प्रिय आबा,

'प्रिय' लिहिताना मलाच हसू आलं. उभ्या जन्मात तुम्हाला असं कधी म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तर तुम्ही "काय गं, बरं हाय न्हवं तुजं?" असंच विचारलं असतंत. तुम्हाला वाचता येत नव्हतं हे काय मला ठाऊक नाही? पण मी पडले शाळेतली बाई, लिहिल्याशिवाय माझ्या डोक्यातलं खाली उतरत नाही. आईला वाचून दाखवीन, पुढचं ती बघेल. दिवा लावताना ती तुमच्या फोटोशी रोज बोलतेच.

काल आपल्या बिरोबाची जत्रा झाली. मागच्या वर्षी तुम्हाला जाऊन दोनच महिने झाले होते, म्हणून भाकणूक झालीच नाही. काल तुमच्या जागी तात्या उभा राहिला. तुमचा धाकटा भाऊ म्हणून मान त्याच्याकडे आला. कपाळभर भंडारा, हातात तलवार, पायात तुमचीच वहाण. मी लांबून बघितलं आणि क्षणभर तुम्हीच वाटलात हो! मग तो बोलायला लागला आणि माझं डोकं फिरलं. म्हणून हे पत्र.

माझ्या जन्माआधीपासून तुमच्या अंगात देव यायचा आणि साऱ्या वर्षाचं सांगायचा. पण आपला देव मोठा मानी, विचारल्याशिवाय बोलायचा नाही. पाटलांनी पावसाचं विचारायचं, म्हातारे कारभारी पिकाचं विचारायचे, आणि तिसरा प्रश्न बाबूचाचाचा. मुलाण्याच्या घराचा तो मानच. चाचा छाती भरून ओरडायचा, "देवा, राज्याचं काय?" आणि माळावरची सगळी माणसं पुढं सरकायची. पावसाचं ऐकायला कोण येत होतं आबा? सगळी त्या तिसऱ्या उत्तरासाठी ताटकळायची.

एका वर्षी साखर कारखान्याचे चेअरमन पुढंच बसले होते, आठवतं? तुम्ही त्यांच्याकडं तलवार करून म्हणालात, "खुर्चीत ढेकूण झाल्यात, बसणारा खाजवून खाजवून मरंल." सगळा माळ हसला. चेअरमनही पोट धरून हसले आणि जाताना देवापुढं नारळाचं तोरण बांधून गेले. मी तेव्हा परकरातली पोर. देवाला कुणाचं भ्या नसतं, एवढं मला त्या दिवशी कळलं. तुम्हालाही नसतं असं मी आपलं धरूनच चालले.

मग आणीबाणी आली. दिल्लीत काय झालं ते आपल्याला धड कळलंही नाही. तालुक्याला एक वकील होते, सभेत बोलायचे, ते एकाएकी दिसेनासे झाले. इस्लामपूरच्या स्टँडवर माणसं पेपर उघडायची आणि काही न बोलता घडी घालून ठेवायची. नसबंदीवाल्यांची जीप आली म्हणून आपल्या आळीतले सगळे गडी उसात शिरले, आणि निघाला कोण, तर म्हशींचा डॉक्टर! त्याला म्हैस दाखवायला मालक सापडेना. आपण दोन दिवस हसलो. पण तुम्ही हसला नाहीत, हे आता लक्षात येतंय.

जत्रेच्या आधी फौजदारांनी तुम्हाला बोलावणं धाडलं. तुम्ही बाबूचाचाला घेऊन एसटीनं गेलात. परत आल्यावर एवढंच सांगितलंत, की देव काय बोलणार ते आधी लिहून आणून दाखवायचं, पेपरवाले दाखवतात तसं. मी हसून लोळले! म्हटलं, देवाला पाटी-पेन्सिल नेऊन देऊ काय? आई म्हणाली, अंगात आल्याबिगर तुमालाबी कुठं ठावं असतंय? तुम्ही बैलाला वैरण टाकायला उठून गेलात.

आणि जत्रेला ते झालं. पाटलांनी पाऊस विचारला, तुम्ही सांगितलात. कारभाऱ्यांनी पीक विचारलं, सांगितलंत, हळद तेजीत राहील म्हणालात. मग सगळी माणसं चाचाकडं वळली. चाचा खाली बघत उभा. तुम्ही तलवार धरून तसेच उभे. किती वेळ उभे होतात आबा! घामानं भंडारा ओघळून तुमच्या डोळ्यात गेला तरी पापणी हलली नाही. शेवटी तलवार खाली ठेवलीत आणि बसलात. बायकांच्या घोळक्यात माझ्या शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "देवबी भ्यालं व्हय गं?" मी तिच्यावर खेकसले.

दुसऱ्या दिवशी आईनं तुम्हाला विचारलं, तेव्हा मी चुलीपाशीच होते. तुम्ही म्हणालात, "देव आल्ता. वाट बगत हुबा हुता. कुणी इच्यारलंच न्हाई." असा आवाज मी तुमचा कधी ऐकला नव्हता.

मी त्या दिवसापासून बाबूचाचाशी बोलणं टाकलं. भित्रा मेला, ऐन वेळी शेपूट घातली, देवाला तोंडघशी पाडलं, असं काय काय मनात म्हणत होते. तो दारात आला की मी आत जायची. तुम्ही बघत होतात. एकदाही सांगितलं नाहीत, की पोरी, चुकतीस तू.

त्यानंतर तुम्ही घरातसुद्धा हळू बोलायला लागलात. गुळाचा भाव विचारायचा तरी दार लोटून घ्यायचात. ज्या माणसाची हाक ओढ्यापलीकडं ऐकू जायची, त्याला पाणी हवंय हे ओठांवरून ओळखायची पाळी आली आमच्यावर. श्रावणात ताप भरला तेव्हाही कण्हला नाहीत. डॉक्टर म्हणाले छातीत पाणी झालंय. असेल. त्यांना छातीतलं पाणीच दिसणार.

या वर्षी उन्हाळा लागता लागता निवडणूक झाली आणि दिल्लीतलं सरकार पडलं. गावातली माणसं भंडारा उधळत आपल्या दारात आली. म्हणाली, आबांचा देव गप बसला हीच भाकणूक होती, सरकार बुडणार हे त्यानं न बोलता सांगितलं. तुमच्या फोटोला हार घातला. मला कसला संताप आला म्हणून सांगू! अरे, देव कशाचा गप बसतोय? माझ्या बापाला गप बसवलं होतं तुम्ही सगळ्यांनी मिळून. हे मी मोठ्यानं म्हणाले नाही. आईनं सगळ्यांना चहा केला.

आता कालचं सांगते. कालच्या जत्रेला फौजदार नव्हते, बोलावणं नव्हतं, लिहून दाखवायचं नव्हतं. आता तर सगळं मोकळं. तात्यानं पाऊस सांगितला, पीक सांगितलं. मग मी चाचाकडं बघितलं. थकलाय हो चाचा, काठीला टेकून उभा होता. त्यानं तोंड उघडलं, इकडंतिकडं बघितलं आणि मिटलं. आणि आबा, या वेळी कुणी त्याच्याकडं वळलंही नाही! पुढं नवे खासदार बसले होते. तात्यानं कुणी न विचारता त्यांच्याकडं बघून सांगून टाकलं, "राज्य झ्याक हाय, राजा गुणाचा हाय." आपला देव कवापासून न विचारता बोलायला लागला? माणसं नारळ घेऊन घरी गेली. कुणालाच काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

मी तडक चाचापाशी गेले. म्हटलं, चाचा, आता कुणाचं भ्या होतं तुम्हाला?

तो देवळाच्या पायरीवर बसला आणि त्यानं सांगितलं. फौजदारांनी तुम्हाला दम दिला नव्हता. चहा पाजला होता. जाता जाता फक्त म्हणाले होते, "आबा, तुमची पोरगी शाळेत लागलीय ना नुकतीच? चांगली नोकरी आहे. सांभाळा." बस्स, एवढंच. परतताना एसटीत तुम्ही चाचाला म्हणालात, खोटं देवाच्या तोंडून मी बोलणार नाही, आणि खरं बोललो तर पोरीचं वाटोळं. मग दोघांनी मिळून तोड काढलीत. विचारलं नाही की देवाला बोलावं लागत नाही. तुम्हीच त्याला शपथ घातलीत, विचारायचं नाही आणि हे कुणाला सांगायचंही नाही.

"पोरी, त्यानं सोताचं भ्या कंदी धरलं न्हाई," चाचा म्हणाला. "तुजं धरलं."

आबा, मला का नाही विचारलंत? एका शब्दानं? मी रागावलेय तुमच्यावर, खरंच रागावलेय. आता म्हणाल, विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस? ते मला माहीत नाही. नोकरी गेली तर गेली, असं आज म्हणणं सोपं आहे. पण माझ्या पगाराचं भ्या माझ्या पदरात टाकायला हवं होतंत. ते तुम्ही एकट्यानं छातीत घेऊन गेलात.

आणि तुमची तोड फार चांगली निघाली हो, तिथंच घात झाला. फौजदार बदलून गेले, सरकार गेलं, तुम्ही गेलात, पण न विचारायची सवय गावाला राहिली. भ्या घालणारा गेला तरी ते आपलं आपण चालतंय. काल ते मी डोळ्यांनी बघितलं.

मी चाचाच्या पाया पडले. तो म्हणाला, "माजा आवाज ऱ्हायला न्हाई आता." मी म्हटलं, माझा आहे. पन्नास पोरांच्या वर्गात चालणारा आहे. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "मग मान तुला दिला."

बाईमाणसानं देवाला विचारल्याचं आपल्या माळावर कुणी ऐकलेलं नाही. तात्या ओरडेल, पाटील नाक मुरडतील. खासदार पुढं बसलेले असतील, माझी बदलीही होईल. होऊ दे. पुढच्या जत्रेत मी बायकांच्या घोळक्यातून पुढं येईन आणि तिसरा प्रश्न विचारीन, ओढ्यापलीकडं ऐकू जाईल असा. उत्तर काय यायचं ते येऊ दे. तुम्ही कुठं असाल तिथं फक्त उभे राहा. या वेळी तुम्हाला वाट बघावी लागणार नाही.

तुमचीच,
शेवंता