बुटक्या कोहळ्याला दाखवलेलं बोट

अड्याळ, ता. पवनी
दि. २९ डिसेंबर

आदरणीय साडभाऊ आनंदराव यांना भैय्यालालचा सविनय जय भीम.

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखूनही तुम्ही पत्र फोडलंत, याबद्दल आधी आभार. (फोडलं नसेल तर आभार परत घेतो.) तुमचा गुडघा थंडीत कुरकुर करत नसेल, कारध्याला नदीवरचं धुकं लवकर हटत असेल आणि रुखमिणीताईंचा खोकला कमी असेल, अशी आशा करतो. आम्ही इकडे खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे पार्वता तीन आठवड्यांपासून माझ्याशी 'जेवा' यापलीकडे फारसं बोलत नाही, आणि मला गेल्या काही दिवसांत स्वतःविषयी जे कळलं आहे, त्याने मी इतका हादरलो आहे की आरशात पाहून दाढी करायचीही लाज वाटते.

तुम्हाला अर्धी हकीकत ठाऊक आहे, तरी सुरुवातीपासून सांगतो. कबुली क्रमाने द्यावी, ही मास्तरकीची सवय. तुमच्या लेकीने, तृप्तीने, नागपूरहून बुटक्या कोहळ्याच्या बियांचं पाकीट पाठवलं (पाकिटावर 'लाल भोपळा' असं छापलेलं). आपल्याकडचं कोहळं उचलायला दोन माणसं लागतात. हे म्हणे ओंजळीत मावतं, साल कडक, पिकल्यावर महिनोन् महिने टिकतं, आणि म्हातारा-म्हातारीला एका वेळेला एक पुरतं. (म्हातारा-म्हातारी हे तिचे शब्द. नववी-दहावीची दोन वर्षं आमच्याकडे राहून शिकली, म्हणून चालवून घेतो.) चौदा ऑक्टोबरला विहारात माझं भाषण झालं, विषय 'अंधश्रद्धा आणि आपण', आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी परसात शेणखत घालून सहा आळी केली. भाषणाला टाळ्या पडल्या होत्या, हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

बिया आठव्या दिवशी उगवल्या, वेल मांडवावर चढले, नोव्हेंबर सरता सरता पिवळीजर्द फुलं आली. मग काही फुलांच्या मागे सुपारीएवढी इवली कोहळी दिसायला लागली. मी दिवसातून पाच वेळा मोजायचो. नऊ होती. त्याच आठवड्यात रविवारी तुम्ही बाजाराला आलात, नेहमीसारखे आमच्याकडे चहाला बसलात आणि मी हौसेने तुम्हाला परसात नेलं. आता तुम्ही जन्मभर कालव्यावर नोकरी केलेली. कोणत्या शेताला पाणी सोडायचं ते बोटाने सांगायची तुमची सवय. तुम्हाला साखर मागायची तरी बोट डब्याकडे जातं. तुम्ही मांडवाखाली उभे राहिलात, उजव्या हाताची ती जाडजूड तर्जनी सरळ ताणलीत आणि म्हणालात, "काय मास्तर, हे एवढुसंच रायते का?" एकेका कोहळ्याला बोट दाखवत, नऊच्या नऊ मोजून दाखवलीत.

कोवळ्या फळाला बोट दाखवलं की ते कुजतं, हे आपण दोघांनीही आपापल्या आईच्या मांडीवर ऐकलेलं. दाखवायचंच तर बोट दुमडून दाखवायचं. मी हे भाषणात चेष्टेने सांगितलं होतं, लोक पोट धरून हसले होते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर दोन कोहळी पिवळी पडलेली! तिसऱ्या दिवशी आणखी तीन. हात लावला की टपकन खाली. मी ती ओट्यावर ओळीने मांडली, प्रत्येकाखाली तारखेची चिठ्ठी ठेवली. उरलेल्यांपैकी एकावर, केवळ शास्त्रीय प्रयोग म्हणून, टोपली पालथी बांधली, म्हणजे कुणाचं बोट त्याला दिसणार नाही. तेही गळालं. यावरून मी असा निष्कर्ष काढला की तुमचं बोट टोपलीच्या आरपार जातं. (हा निष्कर्ष मी वहीत लिहून ठेवला आहे. एकोणतीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसाच्या अक्षरात. वाचवत नाही.)

नववं गळालं त्या दिवशी माझा तोल गेला. पुढच्या रविवारी भर बाजारात, चहाच्या टपरीवर चार माणसांसमोर मी तुम्हाला जे म्हटलं ते पुन्हा लिहीत नाही. तुम्ही ते विसरला नसाल. तुम्ही कप खाली ठेवलात, ते बोट मुठीत धरलंत आणि स्टँडकडे निघून गेलात. तुमचं ते मूठ करून चालणं माझ्या डोळ्यांपुढून जात नाही, आणि पार्वताचा अबोलाही त्याच दिवसापासूनचा. पण त्या वेळी मला काय सुचावं? मी घरी येऊन पाटी रंगवली, 'कृपया वेलास बोट दाखवू नये', आणि मांडवाला टांगली. अंधश्रद्धेवर भाषण देणाऱ्याच्या घरी अशी पाटी, म्हणून निम्मं गाव पाहायला आलं. जो येई तो पाटीकडे बोट दाखवी.

आता खरा धक्का. अठरा तारखेला संध्याकाळी तृप्तीचा व्हिडिओ कॉल आला. (तुम्हाला न सांगता केला, तिला रागावू नका.) मी तिला वेल दाखवला, चिठ्ठ्यांसकट गळालेली कोहळी दाखवली, आवाज जड करून तुमच्या बोटाची हकीकतही सांगितली. पोरगी ऐकत होती. मग म्हणाली, "मौसाजी, मोबाईल जरा फिरवा. याच्यात नर फुलं कुठी आहेत?" मी फिरवला. एकही नव्हतं. तेवढ्यात पार्वता चहासोबत बशी घेऊन आली आणि मोबाईलमध्ये बशी दिसली. बशीत कोहळ्याच्या फुलांची भजी.

आनंदराव, रोज सकाळी पार्वता फुलं तोडायची आणि संध्याकाळी मी भजी खायचो, बेसनात ओवा घालून. मीच तिला बजावलं होतं, ज्या फुलाच्या मागे इवलं कोहळं आहे त्याला हात लावू नको, नुसत्या दांड्याची फुलं बिनकामाची आहेत, तीच तोड. बिनकामाची! नर फुलं ती! त्यांचा पराग मादी फुलाला लागला नाही तर कोहळं धरतच नाही, पिवळं पडून गळतं. एकोणतीस वर्षं मी फळ्यावर फुलाचे भाग काढले. पण काढलं ते नेहमी जास्वंदाचं, त्यात नर-मादी एकाच घरात नांदतात. कोहळ्याचे संसार वेगळे असतात, हे पुस्तकात पुढच्याच पानावर होतं आणि ते पान मी दरवर्षी 'घरी वाचा' म्हणून सोडून दिलं. मी हातातलं अर्धं भजं परत बशीत ठेवलं. पार्वता एवढंच म्हणाली, "तुमीच तं खाऊन राहिले होते ना रोज." आणि आत निघून गेली.

तेव्हा, साडभाऊ, तुमच्या बोटाचा काही दोष नाही. नऊच्या नऊ कोहळी मी खाल्ली. मला माफ करा. टपरीवर त्याच चार माणसांना बोलावून मी हे सांगितलं आहे. ते अजून हसताहेत.

आपला अपराधी,
भैय्यालाल

ता. क. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक नर फूल तोडून, पाकळ्या काढून, मादी फुलावर हलकेच टेकवलं. (पार्वता खिडकीतून पाहत होती. या वयात मला घाम फुटला.) ते कोहळं दहा दिवस झाले तरी टिकून आहे आणि कवठाएवढं झालं आहे.

ता. क. २. इतकं लांबण लावलं ते एका गोष्टीसाठी. तृप्तीचं लग्न जमलं आणि बारा जानेवारीला साक्षगंध आहे, हे आम्हाला दूधवाल्याकडून कळलं. तुमच्याकडून निरोप नाही. बोलावू नये असा माणूस मीच, हे मान्य. पण पार्वताने हिरवी साडी तीनदा पेटीतून काढली आणि तीनदा परत ठेवली. दोन वर्षं तिने त्या पोरीची वेणी घातली आहे. मला बोलावू नका, तिला बोलवा. मी स्टँडवर सोडून परत येईन.

ता. क. ३. जमलं तर येत्या रविवारी बाजाराला या. भजी होतील, कांद्याची. पाटी मी काढून चुलीत घातली आहे. सगळ्यांसमोर त्या एकुलत्या एक कोहळ्याला तुमचं बोट सरळ, पूर्ण ताणून दाखवा, हवं तेवढा वेळ दाखवा. मी शेजारी उभा राहीन.

ता. क. ४. पत्र पार्वताने आत्ता वाचलं. तीन आठवड्यांनंतर पहिल्यांदा नीट बोलली. म्हणाली, "भाऊजीले लिहा, याच म्हणा. पण बोट थोडंसं दुमडूनच दाखवा म्हणा." मी तिला पराग समजावून सांगणार होतो. मग म्हटलं, जाऊ द्या, लिहून टाकू.