किमयाचे बूट

१ जुलै १९९६, सोमवार

पहिला दिवस! किमयाचा पाळणाघरात, माझा कामावर. काम म्हणजे इथे परदेशात उल्काताईच्या पोरीला, माझ्या भाचीला, सकाळी सोडणे, संध्याकाळी आणणे. तेवीस वर्षांत एवढी जबाबदारीची जागा मला कोणी दिली नव्हती.

पाळणाघर शेजारच्याच ब्लॉकमध्ये, तळमजल्यावर. दारात बूट काढायचे, हात धुवायचे, मग आत. साडेतीन वर्षांची किमया दारात अशी उभी राहिली, जसा मी दहावीच्या पेपरला – तीनही वेळा. मिस लिम म्हणून बाई आहेत, माझ्याच वयाच्या. त्या गुडघे टेकून किमयाच्या उंचीच्या झाल्या आणि मगच बोलल्या. आमचे मास्तरही डोळ्यांत बघून बोलायचे, पण आधी कान धरून आम्हाला वर उचलायचे.

मला एक इंग्रजी फॉर्म दिला. भरला झटपट. बाहेर एक म्हातारे आजोबा पिंजऱ्यातल्या पक्ष्याला शीळ शिकवत होते. ते बघता बघता अकरा वाजले. पक्षी नापास. माझ्यातलाच.

उल्काताईचा रॅफल्स प्लेसहून, बँकेतून फोन – "फॉर्म नीट भरलास ना रे, प्रबोध?"
"हो गं, अगदी व्यवस्थित."

३ जुलै

किमया मला 'मामा' म्हणते, हे वर्गाला कळलं. इथे मामा म्हणजे आई! एक चिनी पोरगा ओरडला, "हर मामा गॉट मुस्ताश, लाह!" (इथे प्रत्येक वाक्याला 'लाह'ची शेपटी.) सगळा वर्ग लोळला. मिशी काढावी की नातं?

५ जुलै, शुक्रवार

पिशवीतून रोज ओल्या चड्ड्या येताहेत. आज तीन. घरी दीड वर्षात एकदाही नाही!

मिस लिम रोज एक वही घरी पाठवतात. काय खाल्लं, किती झोपली, काय मागितलं – वेळेसकट. आजच्या पानावर : "दहा दहाला किमयाने बूट मागितले. घरी जायची वेळ झाली नाही, असे समजावले." परत साडेबाराला बूट. परत तीनला.

ताईने वाचलं. चहाचा कप तसाच राहिला. "घरी यायचंय रे तिला," म्हणाली.

मला सणकून राग आला. दिवसभर तिथे पोरं डाळीचे दाणे या वाटीतून त्या वाटीत टाकतात! ह्याला शिक्षण म्हणतात?

९ जुलै, मंगळवार

पाळणाघराची तपासणी केली. मी! खिडकीतून, झुडपात उभं राहून, मुंग्या चावून घेत.

निराशा. कोणी ओरडत नाही. कप पोरांच्या हाताला येतील असे खाली ठेवलेले. एकाने रंग सांडला तर त्यानेच फडकं आणून पुसला, आणि बाईंनी ते त्याला पुरतं पुसू दिलं. दाण्यांचा खेळही नीट पाहिला – जोड्या लावायच्या असतात. किमया बारापर्यंत गेली. मी बारावीपर्यंतही गेलो नाही.

तक्रारींच्या यादीत शेवटी एकच उरली : खिडकी उंच आहे.

पण किमया हसत नव्हती. पाय घट्ट जुळवून, मान खाली घालून बसलेली.

१२ जुलै

वहीत : "आज बूट मागितले नाहीत." सुटलो! लगेच ताईला बँकेत फोन लावून कळवलं. मग पुढची ओळ वाचली. (नेहमीप्रमाणे नंतर.) "आज काहीच बोलली नाही. पाणीही घेतलं नाही."

१६ जुलै, मंगळवार

मोठ्या बाईंनी ताईला बोलावलं होतं. अशीच ओली होत राहिली तर तिला लंगोटवाल्या बाळांच्या गटात घालावं लागेल. बोलतही नाही, तेव्हा डॉक्टरांना दाखवा म्हणाल्या. प्रेमानेच म्हणाल्या, त्यामुळे भांडताही आलं नाही.

शैलेंद्रदाजी जहाजावर. रॉटरडॅमहून फोन आला – "आईकडे पाठव पुण्याला. वर्षभर राहू दे."
ताई "बरं" म्हणाली. मग बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ नळ सोडून बसली.

माझा इथे राहायचा पास ४ ऑगस्टला संपतोय. किमयाला मीच न्यायचं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी काही विश्वासाने सोपवलं – ते हे, पोर आईपासून लांब नेऊन ठेवण्याचं!

२० जुलै, शनिवार

क्रमाने लिही, गाढवा.

किमयासाठी बॅग आणायला लिटिल इंडियाला निघालो होतो. दारात बसून एक बूट चढवला, दुसरा हातात. तेवढ्यात किमया आली – "मामा, शू."

आणि मी, इंग्रजीचा सराव म्हणून, हातातला बूट नाचवत म्हणालो, "येस! शू!"

तिचा चेहरा उतरला. मान खाली, पाय घट्ट जुळवलेले. खिडकीतून दिसली होती तश्शी!

शू!! अरे देवा. शू!

एका पायात बूट असतानाच तिला उचलून पळालो. मग वही उघडली. सगळं होतं तिथे, वेळेसकट. दहा दहाला बूट मागितले, दहा पंचवीसला ओली. साडेबाराला बूट, पाऊणला ओली. दिवसामागून दिवस पोर नीट, शहाण्यासारखं सांगत होतं, आणि बाई तिला प्रेमाने समजावत होत्या – आत्ता नाही हं बाळ, मामा आल्यावर. मग तिने सांगणंच सोडलं. मग पाणी पिणंही.

ताईला फोन लावला. आधी रडली, मग संतापली. "एवढं विचारू नये त्यांनी? मुलं घरी कोणता शब्द वापरतात, हे विचारायला नको?"
मी म्हटलं, "नाहीतर काय!"

बॅग राहिली.

२२ जुलै, सोमवार

विचारलं होतं.

मिस लिमना सांगायला तावातावाने गेलो. त्यांनी सगळं ऐकलं, तोंडावर हात ठेवला, मग शांतपणे फाइल काढून माझाच फॉर्म समोर ठेवला. "मूल घरी यासाठी कोणता शब्द वापरतं?" खाली माझं अक्षर. पाणी – वॉटर. भूक – हंग्री. आणि तिसऱ्या ओळीत – टॉयलेट, प्लीज.

प्लीज!

आठवतंय ना मला. छान दिसणाऱ्या बाई समोर उभ्या, आणि त्यांच्यादेखत 'शू' कसं लिहायचं? लाज वाटली. फाडफाड इंग्रजी येणाऱ्या घरातले वाटावं म्हणून लिहिलं. त्या दहा मिनिटांच्या ऐटीपायी किमया तीन आठवडे ओली, त्यातले दहा दिवस तहानलेली.

मिस लिम तडक वर्गात गेल्या, किमयासमोर गुडघे टेकले, "सॉरी" म्हणाल्या, आणि मग हळूच विचारलं – "किमया, शू?"

किमयाने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि हात धरून बाईंनाच बाथरूम दाखवायला घेऊन गेली.

येताना दोन ग्लास पाणी प्याली. दोन!

संध्याकाळ. ताई अजून पाळणाघरालाच दोष देतेय. गप्प बसलो तर कोणाला कळणार नाही. मिस लिम सांगायच्या नाहीत.

सांगितलं.

"मी मुलीला पुण्याला पाठवायला निघाले होते, प्रबोध."
"हो."
"तुझ्या त्या प्लीजपायी."
"हो."
"माझ्यासमोरून चालता हो आधी!" मग दारापर्यंत पोचलो तोच, "आणि सकाळी वेळेवर सोड तिला."

२६ जुलै, शुक्रवार

चार दिवस कोरडे! किमयाचं तिकीट रद्द. बाथरूमच्या दारावर चार भाषांत पाटी होती, आता पाचवी लागली. स्पेलिंग माझं. शिक्षणक्षेत्रातली माझी एकमेव कामगिरी.

बाई म्हणाल्या, ती दिवसभर बोलते. थांबतच नाही. माझ्या मिशीवरून ओरडलेला तो पोरगाही आता हात वर करून म्हणतो, "टीचर, शू, लाह!"

४ ऑगस्ट, रविवार. विमानतळ

ताई आणि किमया सोडायला आल्या होत्या. आत जायच्या दारापाशी किमयाने माझा हात ओढला – "मामा, शू!"

शहाणा झालोय ना मी! तिला कडेवर घेतलं आणि सुसाट पळत बाथरूम गाठलं. ती पाय झाडत खाली उतरली. मी धापा टाकत तिच्यासमोर उकिडवा बसलो. तिने माझ्या डोळ्यांत बघितलं आणि मंद मुलाला सांगावं तसं, सावकाश, माझ्या सुटलेल्या लेसकडे बोट दाखवलं.

"नॉट शू, लाह, मामा. शू."