बाबांच्या खिशातला ठिपका

३ एप्रिल, गुरुवार

वायफाय नाही म्हणजे नाही! लिनक्सवर चालणारा हा फोन हौसेने मागवला, आणि तीन दिवसांत एक नेटवर्क दिसेल तर शपथ. वायफायचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर दोनदा टाकून झालं. पण सोडणार नाही. महिना झाला, बाबा रोज बाराला घरातून निघतात, चारला येतात. कुठे जातात, ठाऊक नाही. आई म्हणते विसरायला लागलेत, रस्ता चुकत असतील. ती विचारत नाही, मीही नाही — ओशाळतील. त्यापेक्षा फोन त्यांच्या खिशात आणि ठिपका माझ्या लॅपटॉपवर.

४ एप्रिल

सापडलं!! फोनची पाठ उघडली तर आत सहा बारके खटके. वायफायचा खटकाच बंद! सुईने सरकवला — शेजारच्या दिपमालाचंसुद्धा वायफाय दिसलं. आणि मी तीन दिवस ड्रायव्हरला शिव्या देतेय.

६ एप्रिल, रविवार

जीपीएस मुका. ओट्यावरच्या पत्र्याखाली तासभर बसले, शून्य उपग्रह. मग वायफायवरून उपग्रहांचं वेळापत्रक उतरवलं आणि फोन गच्चीवर नेला. दोन... पाच... नऊ! नकाशावर आमचं घर! एकटीनेच टाळ्या वाजवल्या. बाबा खालून विचारत होते, काय झालं गं. काही नाही म्हटलं.

८ एप्रिल

बाहेरूनही ठिपका यावा म्हणून फोनमध्ये सिम टाकलं. फोन तपासायचाय, खिशात ठेवा, असं बाबांना सांगितलं. एसटीत पस्तीस वर्षं कंडक्टर होते ते. माझ्याकडे जरा बघितलं आणि ठेवला. दिवसभर ठिपका नाही! रडकुंडीला आले.

९ एप्रिल

चोर सापडला — आई! फोनला तिने पिशवी शिवलीय, आतून डबा गरम ठेवायच्या बॅगेचं चंदेरी अस्तर. "ऊन कितलं शे बाहेर, फोन तपी जाई." त्रेचाळीस अंश, तिचंही बरोबर. पण त्या अस्तरातून उपग्रह बिचारे दिसणार कसे? उसवलं. ठिपका लख्ख! उद्या कळणार!

१० एप्रिल, दुपार

ठिपका आला! आणि कुठे — आमच्याच पॉलिटेक्निकवर! बाबा मला भेटायला आलेत! तास सोडून गेटपर्यंत पळाले. कुणीच नाही.

१० एप्रिल, संध्याकाळ

फोन वर्गाच्या खिडकीत ठेवलेल्या माझ्या डब्याच्या कापडी पिशवीत होता, सकाळी बाबांनीच सरकवलेला. सोबत चिठ्ठी, बाबांचं अक्षर — "नशिराबादला जातो. माझ्या एसटीचा ड्रायव्हर जीवराम अंथरुणाला खिळलाय, त्याला जेवू घालतो. रस्ता चुकत नाही. मला विचारायचं होतंस, पोरी."